चौपाटीवरचा रोजचा दिवस: जुहू किनाऱ्याच्या डॉक्युमेंटरी छायाचित्रणाला सुरुवात कशी करावी

मुंबईच्या समुद्राचे छायाचित्र म्हटले की मावळता सूर्य, किंवा तो सूर्य चिमटीत धरल्याचा आविर्भाव करणारा माणूस, एवढेच बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येते. रविवारी संध्याकाळी कुर्ला, साकीनाका, गोवंडी, मालवणी अशा वस्त्यांमधून जी कुटुंबे जुहूच्या वाळूवर येतात, चादर पसरतात, मुलांना पाण्यात सोडतात आणि परतीच्या बसचा हिशेब करून उठतात, त्यांच्या त्या तीन-चार तासांची सलग आणि नावगावासह केलेली नोंद मात्र क्वचितच पाहायला मिळते. दहा बाय बाराच्या खोलीत पाच-सहा माणसे राहतात, तेव्हा तिकीट न काढता पाय पसरून बसता येईल आणि कोणी उठवणार नाही, अशी जागा या शहरात चौपाटीखेरीज फारशी उरलेली नाही. या नोंदीचे मोल त्यात आहे, आणि ती लांबून किंवा चोरून न करता त्या माणसांच्या ओळखीने करावी, असे मला ठामपणे वाटते.

ज्यांच्याकडे साधा कॅमेरा किंवा बऱ्यापैकी मोबाइल आहे, ज्यांनी आजवर सहलीची आणि घरच्या कार्याची छायाचित्रे काढली आहेत, पण एखाद्या ठिकाणाचे रोजचे जगणे काही महिने सातत्याने टिपावे असे ज्यांना आता वाटू लागले आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. उदाहरण जुहूचे घेतले असले, तरी दादर, गिरगाव किंवा वर्सोव्यालाही यातील बरेचसे थोड्याफार फरकाने लागू पडेल.

पहिली पायरी: एकच किनारा, त्यातही एकच पट्टा

जुहूची वाळू सुमारे सहा किलोमीटर लांब आहे. तिच्या दक्षिण टोकाला जुहू कोळीवाडा आहे आणि उत्तरेकडे ती वर्सोव्याच्या दिशेने जाते. सगळा किनारा एकदम टिपायला निघालेल्या नवख्याच्या हाती सुटी सुटी छायाचित्रे लागतात, ज्यांचे एकमेकांशी काहीच नाते जुळत नाही. त्याऐवजी जुहू तारा रस्त्यावरून खाऊच्या स्टॉलांकडे उतरणारी मुख्य वाट आणि तिच्या दोन्ही बाजूंना पाच-सात मिनिटे चालत जाता येईल एवढीच वाळू ठरवून घ्यावी. पहिल्या सहा महिन्यांना तेवढा पट्टा पुरून उरतो, कारण तिथे तीच माणसे पुन्हा पुन्हा भेटतात आणि तुमचाही चेहरा त्यांच्या ओळखीचा होतो.

निवड करताना सुंदर किनारा कोणता हे पाहू नये. कामावरून सुटल्यावर किंवा सुट्टीच्या दिवशी विनासायास पोहोचता येईल असा किनारा पाहावा. गिरगाव चौपाटी चर्नी रोड स्थानकाला अगदी लागून असल्यामुळे लोकलने येणाऱ्याला ती सोयीची आहे, मात्र तिथे सूर्य मलबार हिलच्या आड जातो आणि वाळूवरचा थेट प्रकाश जुहूच्या मानाने लवकर संपतो. दादरची वाळू अरुंद आणि वस्तीला लगटून आहे. चैत्यभूमीजवळच्या व्ह्यूइंग डेकवरून तिथे उंचावरचा कोन मिळतो. दादरची बरीच दुकाने सोमवारी बंद असतात, त्यामुळे तिथल्या दुकानांतील कामगारांची सुट्टी पाहायची असेल तर रविवारी जाऊन उपयोग नाही. वर्सोव्याला होड्या, जाळी आणि बांबूंच्या मांडवांवर सुकत घातलेले बोंबील हे वेगळेच जग आहे. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात आणि जाळी दुरुस्त करणारी माणसे निवांत भेटतात. याच किनाऱ्यावर २०१५ साली अफरोज शाह यांनी सुरू केलेल्या स्वच्छतेच्या कामामुळे वर्सोव्याचे नाव जगभर गेले आणि त्या कामाची छायाचित्रेही भरपूर निघाली. कोळीवाड्यातील रोजच्या कामाला तेवढे लक्ष मिळालेले नाही.

दुसरी पायरी: कॅमेरा पिशवीत ठेवून बसावे

पहिल्या काही फेऱ्यांमध्ये छायाचित्र काढू नये. ही सूचना नवख्यांना जड जाते, पण तिच्यावाचून पुढचे काहीच धड होत नाही. वाळूवर बसावे, भेळ घ्यावी, भेळवाल्याशी दोन शब्द बोलावे आणि या पट्ट्यावर कोण कोण काम करते याची मनाशी यादी करावी. पहाटे सफाई कामगार आणि कचरा ओढणारा ट्रॅक्टर येतो. त्यांच्यामागोमाग चालायला येणारे, वाळूवर जोर-बैठका काढणारे, क्रिकेटचे संघ. दुपारी गर्दी ओसरते आणि स्टॉलांच्या सावलीत कामगार आडवे होतात. चारनंतर फुगेवाले, गोळेवाले, शेंगदाणेवाले, मेंदी काढणाऱ्या बाया, तेलाच्या बाटल्या वाजवत फिरणारे मालिशवाले दिसू लागतात. जीवरक्षक दिवसभर असतात. ही सगळी माणसे कामावर आलेली असतात आणि बाकीची गर्दी कामावरून सुटून आलेली असते. या दोन प्रकारच्या माणसांमधील देवघेव हा चौपाटीचा खरा विषय आहे आणि तो एकदा डोळ्यांत भरला की कुठे उभे राहायचे हा प्रश्न फारसा पडत नाही.

बसून राहिल्यावरच ज्या गोष्टी दिसतात त्यांतली एक सांगतो. पाण्याला आलेल्या प्रत्येक कुटुंबात चपला आणि पिशव्या राखायला कोणीतरी मागे बसलेले असते. चपला जोडीजोडीने लावलेल्या असतात किंवा ढीग केलेला असतो, त्यावर दुपट्टा टाकलेला असतो, मोबाइल आणि पाकिटे एका पिशवीत जाऊन ती पिशवी मांडीखाली दाबलेली असते. राखण करणारी ही व्यक्ती बहुधा आजी असते, नाहीतर नुकतीच लग्न होऊन घरात आलेली सून, किंवा पाण्यात जायचे नाही म्हणून रुसलेला मुलगा. पाण्यातले लोक हात हलवतात तेव्हा ती हात हलवते आणि बाकीचा वेळ एकटी असते. पुढे सगळे परत आले की बाटलीतल्या पाण्याने आधी लहान मुलांचे पाय धुतले जातात, बोटांच्या बेचक्यांतली वाळू काढली जाते, आणि पाणी संपत आल्यामुळे मोठी माणसे तशाच वाळूभरल्या पायांनी चपला घालतात. एका कुटुंबात कोण कोणाची काळजी घेते, कोणाच्या वाट्याला मौज येते आणि कोणाच्या वाट्याला राखण, हे या चपलांच्या ढिगापाशी बसून जेवढे कळते तेवढे पाण्याच्या काठावर उभे राहून कळत नाही.

तिसरी पायरी: भरती-ओहोटीचे गणित

मुंबईच्या किनाऱ्यावर दिवसात साधारणपणे दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात, दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते आणि म्हणून रोजची वेळ आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. नेमक्या वेळा वर्तमानपत्रांत आणि मोबाइलवर मिळतात, पण किनारपट्टीवर पिढ्यान्‌पिढ्या वापरला जाणारा आडाखाही पाठ करून ठेवावा: तिथीच्या अंकाला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ आणि अमावस्या-पौर्णिमेला दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास. पूर्ण ओहोटी त्यानंतर सुमारे सहा तासांनी येते.

छायाचित्रकाराच्या दृष्टीने याचा अर्थ फार मोठा आहे. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास भरती बाराला असल्यामुळे ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास येते, म्हणजे नेमक्या उतरत्या उन्हाच्या वेळी. ते दिवस उधाणाचे असल्यामुळे पाणीही नेहमीपेक्षा जास्त मागे हटते. अशा संध्याकाळी वाळू खूप रुंद आणि ओली असते, आकाश तिच्यात उतरते, माणसे विखुरतात, मुलांचे क्रिकेट पार पाण्याच्या कडेला जाते आणि प्रत्येक आकृती सुटी सुटी दिसते. अष्टमीच्या आसपास याच्या उलट होते. भरतीच सहाला असते, भांगाचे दिवस असल्यामुळे पाणी फार चढत नाही, पण वाळूचा पट्टा निम्म्यावर येतो आणि चादरी, फुगे, गोळ्याच्या गाड्या आणि धावणारी मुले एकमेकांना खेटून येतात. एकाच चौकटीत चार-पाच गोष्टी घडताना दाखवायच्या असतील तर ही संध्याकाळ उत्तम. एका रविवारपासून पुढच्या रविवारपर्यंत भरतीची वेळ पाच-सहा तासांनी सरकत असल्यामुळे लागोपाठचे दोन रविवार त्याच जागी, त्याच वेळी गेले तरी दोन वेगळे किनारे पाहायला मिळतात. पहिल्याच महिन्यात हा प्रयोग प्रत्येकाने करून पाहावा.

हाच आडाखा सणांनाही लावता येतो. अनंत चतुर्दशीला भरती सकाळी आणि रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास येते, म्हणून दुपारनंतर मूर्ती घेऊन बरेच आत चालत जावे लागते आणि रात्री पाणी जवळ येते. छठपूजेला, म्हणजे कार्तिक शुद्ध षष्ठीला, भरती साडेचारच्या आसपास असते, त्यामुळे मावळत्या सूर्याला अर्घ्य देताना पाणी नुकतेच उतरू लागलेले असते आणि स्त्रिया फार दूर न जाता कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहू शकतात.

पावसाळ्यात मोठ्या उधाणाला मुंबईत पाण्याची पातळी साडेचार मीटरच्या वर जाते. अशा दिवशी, किंवा मुसळधार पावसाचा इशारा असताना, किनाऱ्यावर जाण्यास बंदी घातली जाते आणि ती पाळलीच पाहिजे. जीवरक्षकाने मागे बोलावले की वाद न घालता मागे यावे. डोळा कॅमेऱ्याला लावलेला असताना लाटेकडे पाठ करून उभे राहू नये आणि गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नये. याच दिवसांत निळसर फुग्यासारख्या दिसणाऱ्या ब्लू बॉटल वाळूवर येऊन पडतात आणि त्यांचे लांब धागे झोंबतात, म्हणून अनवाणी फिरणे टाळावे. डांबराचे काळे चिकट गोळेही भरतीबरोबर येतात. पिशवी खाली ठेवण्याआधी जागा पाहावी, कारण ते डाग कापडावरून निघत नाहीत.

साहित्याबद्दल थोडेसे

नवा कॅमेरा विकत घेण्याची गरज नाही. मोबाइलची साधी, एकपट भिंग असलेली नजर, किंवा कॅमेऱ्यावर २८ ते ३५ मिलिमीटरची लेन्स या कामाला योग्य आहे, कारण तिच्यामुळे माणसाच्या जवळ जावे लागते आणि जवळ जायचे म्हणजे बोलावे लागते. लांब पल्ल्याच्या झूम लेन्सने चौपाटी टिपू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दुरून काढलेल्या चेहऱ्याला आपण टिपले जात आहोत हे ठाऊक नसते आणि पाहणाऱ्यालाही ते जाणवते.

खारी हवा आणि वाळू यांपासून उपकरण सांभाळणे एवढे मात्र गांभीर्याने करावे. वाळूवर लेन्स बदलू नये. काचेवर वाळू दिसली तर आधी हवेच्या ब्लोअरने उडवावी आणि मगच मऊ कापड लावावे, नाहीतर चरे पडतात. घरी आल्यावर कॅमेरा किंचित ओलसर कापडाने पुसावा, म्हणजे खारटपणा निघतो, आणि सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात ठेवावा.

तिसऱ्यानंतरची, आणि सर्वांत अवघड पायरी: विचारणे

सार्वजनिक जागी छायाचित्र काढण्यास सर्वसाधारणपणे कायद्याची आडकाठी नाही, म्हणून विचारण्याची गरज नाही, असे अनेक जण सांगतात. हे मला पटत नाही. समोरचा माणूस त्याच्या मोजक्या सुट्टीच्या वेळात आपल्या माणसांबरोबर बसलेला असतो; त्या वेळेत आपण शिरणार असू तर दोन वाक्ये बोलणे हे साधे सौजन्य आहे. शब्द साधे ठेवावेत: ‘काका, मी या चौपाटीचे फोटो काढतोय, दर रविवारी येतो. तुमच्या गाडीचा एक काढू का? पुढच्या खेपेला प्रत आणून देतो.’ जुहूवर मराठीपेक्षा हिंदीच अधिक कानावर पडते, त्यामुळे ज्या भाषेत समोरचा मोकळा होईल ती वापरावी. नकार आला तर ‘बरं, हरकत नाही’ म्हणून तिथेच दोन मिनिटे थांबावे, लगेच पाठ फिरवू नये. नकार देणाऱ्याला आपल्याशी बोलणे फक्त फोटोपुरते होते असे वाटू नये. एखादी घटना क्षणात घडून जाते आणि आधी विचारणे शक्य नसते. अशा वेळी छायाचित्र काढून लगेच जवळ जावे, पडद्यावर दाखवावे आणि नको म्हटले तर त्यांच्यासमोर पुसून टाकावे.

परवानगी मिळाल्यावर माणसे ताठ उभी राहतात, केस सारखे करतात, मुलांना पुढे ओढतात. नवख्याला हे नको असते, त्याला ‘नैसर्गिक’ छायाचित्र हवे असते. पण जसे दिसावे असे त्यांना वाटते तसे ते उभे राहिलेले असतात आणि तेही नोंदीचाच भाग आहे. ते छायाचित्र आधी मनापासून काढावे. मग तिथेच गप्पा मारत बसावे. थोड्या वेळाने भेळेचा कागद एका हातातून दुसऱ्या हातात जाऊ लागतो, आणि कॅमेरा तिथे आहे याचे कोणाला फारसे वाटेनासे होते.

प्रत देण्याचे वचन दिले तर ते पाळलेच पाहिजे. पोस्टकार्ड आकाराची छापील प्रत पाकिटात घालून, मागे तारीख लिहून न्यावी. रोज तिथेच काम करणाऱ्यांना ती हातोहात देता येते. सुट्टीला येणाऱ्या कुटुंबांना, त्यांची इच्छा असेल तर, मोबाइलवर पाठवावी. एक गोष्ट मात्र आवर्जून सांभाळावी. मुंबईच्या चौपाट्यांवर आणि पर्यटनाच्या ठिकाणी गळ्यात कॅमेरा आणि पिशवीत छोटा प्रिंटर घेऊन फिरणारे फोटोवाले असतात, आणि जागेवर छापून दिलेल्या छायाचित्रावर त्यांचे घर चालते. त्यांच्यासमोर त्यांच्याच गिऱ्हाइकांना फुकट प्रती वाटणे म्हणजे त्यांच्या पोटावर पाय देणे आहे. उलट त्यांच्याकडून स्वतःचे एक छायाचित्र काढून घ्यावे, पैसे द्यावेत आणि कामाची माहिती विचारावी. उलट्या प्रकाशात चेहरा कसा उजळायचा आणि रुसलेल्या मुलाला कसे हसवायचे, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

काय काढू नये

पाण्यातून बाहेर येणाऱ्या स्त्रियांचे कपडे अंगाला चिकटलेले असतात आणि आडोसा नसल्यामुळे चादरीच्या मागे कपडे बदलावे लागतात. तिकडे कॅमेरा वळवूच नये. स्त्रीच्या खासगी क्षणाचे चोरून चित्रण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हाही आहे, पण कायदा नसता तरी उत्तर हेच असते.

जोडप्यांचाही तेवढाच विचार करावा. ज्यांच्या घरात दोन माणसांना एकमेकांशी बोलायला कोपरा नाही, ते समुद्राकडे तोंड करून बसतात. जात, धर्म किंवा घरचा विरोध यांमुळे कित्येकांची भेट लपूनच होत असते, आणि ओळखू येणारे एक छायाचित्र त्यांच्या घरापर्यंत पोहोचले तर काय होईल हे आपण सांगू शकत नाही. परवानगी नसेल तर चेहरा ओळखू येईल असे छायाचित्र घेऊ नये, आणि ‘पाठमोरे आहे’ एवढ्याने निर्धास्त होऊ नये. ओढणी, शर्ट, दुचाकीचा क्रमांक यांवरूनही ओळख पटते.

मुलांच्या बाबतीत आई-वडिलांना विचारावे आणि उघड्या अंगाने खेळणाऱ्या मुलांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकू नयेत. परवाना नसलेल्या फेरीवाल्यांच्या डोक्यावर पालिकेच्या गाडीची टांगती तलवार असते. त्यांचा चेहरा, जागा आणि वेळ एकत्र दिसेल असे छायाचित्र त्याच दिवशी प्रसिद्ध करणे त्यांना महागात पडू शकते, म्हणून त्यांना विचारून आणि काही काळ जाऊ देऊनच ते बाहेर काढावे. बुडण्याची दुर्घटना घडली तर कॅमेरा खाली ठेवावा आणि जीवरक्षकांना वाट मोकळी करून द्यावी. ड्रोनचा विचार नवख्याने सोडून द्यावा, कारण मुंबई पोलीस वेळोवेळी त्यावर मनाई आदेश काढतात. विसर्जनानंतर अर्धवट बुडालेल्या किंवा किनाऱ्याला लागलेल्या मूर्तींची छायाचित्रे काढून प्रसारित करण्यावरही अलीकडच्या वर्षांत असे आदेश निघालेले आहेत, तेव्हा सणाआधी चालू आदेश पाहून घ्यावेत.

चौथी पायरी: प्रत्यक्ष छायाचित्र

जुहूचे तोंड पश्चिमेला आहे. सकाळी सूर्य इमारतींच्या आणि माडांच्या मागून येतो, त्यामुळे वरची वाळू बराच वेळ सावलीत राहते आणि पाण्याची कड आधी उजळते. संध्याकाळी समुद्राकडे पाहिले तर सगळी माणसे काळ्या आकृत्या होतात. असे एखाद-दुसरे छायाचित्र ठीक आहे, पण काळ्या आकृतीला वय नसते, चेहरा नसतो, कपड्यांवरचा कामाचा डाग नसतो. म्हणून संध्याकाळी सूर्याकडे पाठ करून उभे राहावे. सूर्यास्त पाहणाऱ्या शंभर माणसांचे चेहरे त्या वेळी सोनेरी प्रकाशात थेट तुमच्यासमोर असतात आणि त्यांतल्या कोणाचेही लक्ष तुमच्याकडे नसते. समुद्र चौकटीत हवाच असेल तर उजेडाचे माप (एक्स्पोजर) एका टप्प्याने (स्टॉप) वाढवावे, किंवा मोबाइलवर चेहऱ्यावर बोट टेकवून उजेड वर सरकवावा. ओली वाळू खालून प्रकाश परतवते, त्यामुळे ओहोटीच्या वेळी सावलीतले चेहरेही बरे उजळतात.

धावणारी मुले आणि लाटा यांसाठी शटरचा वेग १/५०० सेकंद किंवा त्याहून जास्त ठेवावा. अंधार पडल्यावर स्टॉलांच्या एलईडी दिव्यांमुळे छायाचित्रात आडवे पट्टे येतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे १/५० किंवा १/१०० हा वेग ठेवला की ते बहुतेक वेळा जातात. फ्लॅश वापरू नये. त्याने स्टॉलचा स्वतःचा उजेड मरतो, आणि ज्या उजेडात ती माणसे रोज काम करतात तोच दाखवणे महत्त्वाचे आहे.

प्रत्येक प्रसंगाची तीन अंतरांवरून छायाचित्रे घ्यायची सवय लावावी. भेळवाल्याचे उदाहरण घेऊ. लांबून त्याचा स्टॉल, मागची रांग, वरचा फलक आणि बाजूची वाळू. मध्यम अंतरावरून तो आणि गिऱ्हाईक, पैसे देतानाचा हात, कैरी जास्त घाल म्हणून सांगणारी मुलगी. जवळून फक्त त्याचे हात: पातेल्यात कुरमुरे, शेव, कांदा आणि चटण्या एकत्र करताना चमच्याला दिलेली झटक्याची कलाटणी, बोटांना लागलेली चिंचेची चटणी, पातेल्याच्या कडेला आपटलेला चमचा. ही तिन्ही छायाचित्रे शेजारी ठेवली की काम समजते. एकटे हातांचे छायाचित्र कुठल्याही गावचे असू शकते. क्षितिज तिरके होऊ देऊ नये आणि बटण दाबण्याआधी चौकटीच्या चारही कडा एकदा नजरेखालून घालाव्यात, कारण चौपाटीवर कडेला नेहमी कोणाचा तरी अर्धा हात किंवा फुग्याची दोरी येत असते. कधीकधी तो अर्धा हातच छायाचित्र जिवंत करतो, पण तो तिथे आहे हे माहीत असायला हवे.

उंच इमारती, हॉटेले आणि त्यांच्या पायाशी बसलेली कुटुंबे एकाच चौकटीत घेण्याचा मोह जुहूवर सतत होतो. हा विरोध खरा आहे, पण फार वापरून गुळगुळीत झालेला आहे, आणि त्यात माणूस नुसता गरिबीचा नमुना होऊन बसतो. ती कुटुंबे त्या इमारतींकडे बघायला आलेली नसतात. त्यांचे लक्ष जिकडे असते तिकडे, म्हणजे बहुधा पाण्यातल्या मुलाकडे, आपलेही लक्ष असावे.

सणांचे दिवस पहिल्या वर्षी दुय्यम मानावेत. विसर्जनाला आणि छठपूजेला शेकडो छायाचित्रकार असतात. त्या दिवसांत नवख्याने काढायचेच असेल तर आदल्या संध्याकाळची तयारी आणि दुसऱ्या पहाटेची सफाई काढावी. दादरला ६ डिसेंबरला जायचे असेल तर वेगळी तयारी हवी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर ७ डिसेंबर १९५६ रोजी याच चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले, आणि दरवर्षी विदर्भ-मराठवाड्यातून येणारी माणसे इथे अभिवादनासाठी येतात. रांगेत तासन्‌तास उभे राहिलेल्या माणसाचा थकवा टिपताना त्याच्या येण्याचे कारण छायाचित्रात किंवा ओळीत आले नाही, तर ते छायाचित्र त्याच्यावर अन्याय करते.

पाचवी पायरी: नोंदवही

छायाचित्राइतकेच महत्त्व त्याखालच्या ओळीला आहे, आणि ती त्याच दिवशी लिहावी लागते. खिशात मावेल अशा वहीत तारीख, तिथी, भरतीची वेळ, नेमकी जागा, माणसाने सांगितलेले नाव, गाव, काम, किती वर्षे इथे आहे, प्रत द्यायची आहे का, आणि छायाचित्र कुठे दाखवायला त्याची हरकत नाही, एवढे टिपावे. ‘गरीब फेरीवाला’ किंवा ‘समुद्राचा आनंद लुटणारे मुंबईकर’ अशा ओळी लिहू नयेत. त्यांतून काहीच कळत नाही. ‘कणसे भाजणारी स्त्री, जुहू चौपाटी, ओहोटीची संध्याकाळ, कोळसा रोज घरून आणते’ अशी ओळ साधी असली तरी पुढे तिला किंमत येते. ज्यांचे नाव लिहिल्याने त्यांना त्रास होऊ शकतो, त्यांचे नाव वहीतच राहू द्यावे.

घरी आल्यावर त्याच रात्री छायाचित्रे संगणकावर घ्यावीत, फोल्डरला तारखेचे नाव द्यावे आणि दोन वेगवेगळ्या ठिकाणी प्रती ठेवाव्यात, ज्यांतील एक घराबाहेर असावी.

सहावी पायरी: निवड, आणि दाखवणे

तीन-चार महिन्यांनी पन्नास-साठ छायाचित्रे छोट्या आकारात छापून जमिनीवर मांडावीत. पडद्यावर एकेक पाहताना जे कळत नाही ते इथे लगेच दिसते: मुलांचीच छायाचित्रे जास्त झाली आहेत, काम करणाऱ्या स्त्रिया जवळजवळ नाहीत, सकाळ मुळीच नाही, सगळी माणसे एकाच अंतरावर उभी आहेत. या उणिवा म्हणजेच पुढच्या महिन्यांची कामाची यादी. त्यातून वीस-पंचवीस निवडावीत. देखणे छायाचित्र आणि सांगणारे छायाचित्र यांत निवड करायची वेळ आली तर सांगणारे ठेवावे.

ही निवड सर्वांत आधी चौपाटीवरच न्यावी. साध्या अल्बममध्ये लावून भेळवाल्याच्या स्टॉलवर, जीवरक्षकांच्या खुर्चीपाशी, फोटोवाल्यांच्या घोळक्यात दाखवावी आणि ते काय म्हणतात ते वहीत लिहावे. ‘हा आता इथे नसतो, गावी गेला’, ‘ही गाडी माझ्या भावाची’, ‘भरतीला आम्ही इथे बसत नाही, तिकडे बसतो’ अशा दुरुस्त्या दुसरे कोणीही देऊ शकणार नाही. कोणी आपले छायाचित्र काढून टाकायला सांगितले तर ते निवडीतून काढावे, मग ते कितीही चांगले असो. त्यानंतरच मंडळाचे सभागृह, वाचनालय, महाविद्यालय किंवा समाजमाध्यमे यांचा विचार करावा. प्रदर्शन भरवायचे ठरले तर ते अशा जागी आणि अशा वेळी भरवावे की रात्री दहाला गाडी झाकून घरी जाणाऱ्या माणसालाही एखाद्या सकाळी येऊन ते पाहता येईल.